वासाचा रकाना

४ फेब्रुवारी

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आजीने तिचे वेगळे सांगितले आहेत, कारण तिच्या मते माझे आशीर्वाद वाटेतच डुलकी काढतात.

तुझं पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. आकडेवारीच्या कचेरीत एवढी माणसं, एवढी टेबलं, आणि देशाच्या लोण्या-तुपाचा साठ वर्षांचा तक्ता करायचं काम नेमकं तुझ्याकडे यावं. तुझ्या साहेबांना ठाऊक नसेल, त्या टेबलाशी कोणाची नात बसली आहे ते. मी जन्मभर लोणीघरात तूप हुंगलं. लोकांना वाटतं, चाखणारा जिभेने काम करतो. जीभ नंतर. तूप आधी नाकाला भेटतं.

तू लहान असताना तुला एकदा तिथे नेलं होतं. निळ्या फरशीची लांब खोली, घुसळणीचं ते अवाढव्य लाकडी पिंप, आणि त्याच्या पोटावर बशीएवढी काच. साय फिरत असेतो काच पांढरी असायची, आणि लोणी सुटलं की आपली आपण स्वच्छ व्हायची. तू म्हणालीस, "आजोबा, पिंपाने डोळा उघडला." ते वाक्य मी अजून सांभाळून ठेवलं आहे. पलीकडच्या खोलीत कढई. आधी मोठाले बुडबुडे खदखदायचे, मग बारीक, आणि मग एकदम शांतता व्हायची, वर्गात गुरुजी आले की होते तशी. त्या शांततेतून वास उठायचा. मी खिडकीपाशी डोळे मिटून उभा असायचो आणि तो आला की म्हणायचो, "उतरवा." आता कढई कोणी उतरवत नाही, वाफेची चावी फिरवतात. शब्द मात्र तोच राहिला.

मी घरी बसलो तेव्हा मॅनेजरांनी एक रीत घालून दिली. प्रत्येक कढईतली एक छोटी बाटली माझ्याकडे यायची, आणि मी हुंगून हो म्हटल्यावरच डबे बंद व्हायचे. डब्यावरच्या चिठ्ठीवर अजून माझीच सही छापलेली असते. बाटली घेऊन येते माझ्या जागेवरची पोर. तिला सगळे माऊ म्हणतात. नाव मीच ठेवलं. कामाला लागली तेव्हा नवखीच होती, आणि बंद दाराबाहेर उभं राहून म्हणाली, आतलं लोणी खवट व्हायला लागलंय. दार उघडून पाहिलं तर खरंच. असं नाक मी दुसरं पाहिलं नाही.

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर कागद संपेल. थंडी सुरू झाली तेव्हापासून आमच्या तुपाला वास नाही. रंग आहे, कणी आहे, वास नाही. मी माऊच्या कढया परत पाठवल्या. एकदा, दोनदा, आणि गेल्या महिन्यात पुन्हा. मॅनेजर म्हणाले, काका, तुमचं नाक म्हणेल ते आम्हाला प्रमाण. आणखी एक कढई परत आली तर हिला कॅन धुवायला पाठवतो आणि इथे वास मोजायचं यंत्र बसवतो. सध्या दूध आटलंय, त्यामुळे पुढची कढई एप्रिलच्या सुरुवातीला चढेल.

ठमे, त्या पोरीचा दोष नसणार. माझ्या हाताखाली घडलेली आहे. दोष दुधाचा असेल, चाऱ्याचा असेल, काळाचा असेल. साऱ्या देशाच्याच तुपातून वास उठून गेला असेल, तर एकट्या माऊने काय करावं? तुझ्यापुढे साठ वर्षं पसरलेली आहेत. त्यांत एवढंच शोध, वास केव्हा गेला. लेखी दे. मी तो कागद मॅनेजरांपुढे ठेवीन आणि पोरीची जागा राहील.

तुझा,
आजोबा


१७ फेब्रुवारी

ती. आजोबांस,

साष्टांग नमस्कार. आजीला वेगळा, वाटेत न झोपणारा.

पिंपाने डोळा उघडला, हे मी म्हणाले होते? असेन. आता मी असलं काही बोलत नाही. आमच्या खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, त्यामुळे कोणालाच काही सुचत नाही. इथे प्रत्येकाला त्याच्या मालाच्या नावाने हाक मारतात. माझ्या डावीकडे अंडीवाले बसतात, पलीकडे साखरताई. मी परवापर्यंत 'नवीन' होते, आता तूपवाली झाले. तुमच्या घराण्याचं नाव राखलं म्हणायचं.

तक्ता कसा करतात ते सांगते, म्हणजे तुम्ही मला जे काम दिलंत ते किती अवघड आहे हे कळेल. देशात तयार झालं ते, अधिक बाहेरून आणलं ते, वजा बाहेर पाठवलं ते, आणि गोदामात घट-वाढ झाली ती. मग राहिलं ते माणसांत वाटायचं. त्याला पुरवठा म्हणतात. पहिल्याच दिवशी साहेबांनी बजावलं की पुरवठा म्हणजे खाल्लेलं नव्हे. पुरवठा म्हणजे माणसाच्या दारापर्यंत आलेलं. ते दारातून आत गेलं का, ताटात राहिलं का, मांजराने चाटलं का, हे आपल्या तक्त्याला कळत नाही.

तर तुमची साठ वर्षं. सुरुवातीला ओळ जमिनीलगत सरपटते. सगळं कार्डावर मिळायचं ते दिवस. मग गावोगाव लोणीघरं निघाली आणि ओळ जिना चढावा तशी चढली. मग डब्यातलं स्वस्त वनस्पती तूप आलं, त्याच्यामागून डॉक्टर आले, आणि लोक लोण्याकडे साप पाहिल्यासारखं पाहायला लागले. आई सांगते, त्या दिवसांत तुम्ही पेपर वाचून फेकून द्यायचात आणि मग घडी घालून परत ठेवायचात. गंमत म्हणजे लोणी उतरलं त्या वर्षांत तूप थोडं वाढलेलं दिसतं. न खपलेलं लोणी कढवून ठेवत असणार. तूप टिकतं. म्हणून आम्हाला जपावं लागतं, कढवायला दिलेलं लोणी लोण्यातून वजा करायचं, नाहीतर एकच साय दोनदा मोजली जाते. आणि आता पुष्कळ वर्षं झाली, दोन्ही पुन्हा वर चालली आहेत. लोकांची भीती गेली, किंवा भिण्याचा कंटाळा आला.

वासाचा रकाना मात्र नाही, आजोबा. मी जुन्या तक्त्यांतही शोधला. एके ठिकाणी वाटलं, सापडला. पूर्वी लोण्याचे दोन रकाने असायचे, आंबवलेल्या सायीचं वेगळं आणि गोड सायीचं वेगळं. पुढे कोणीतरी ते एकत्र करून टाकले. वास तिथे गळाला असेल असं म्हणून मी खूश झाले होते. पण ती गोष्ट मी फ्रॉक घालत होते तेव्हाची. तुमचा वास या थंडीत गेलाय, आणि या थंडीत ओळीला काहीही झालेलं नाही.

अंडीवाले पुढच्या आठवड्यात दौऱ्यावर जाताहेत. तीन गावांतलं तूप आणायला सांगितलं आहे. ते पाठवते, तुम्हीच पाहा. आणि आजी काय म्हणते? तिचं नाकही काही कमी तिखट नाही.

तुमची,
ठमी (तूपवाली)


५ मार्च

चि. ठमे,

बाटल्या पोचल्या. तुझ्या अंडीवाल्यांना माझे आभार सांग. तू त्या जुन्या टॉवेलात इतक्या गुंडाळल्या होत्यास की सोडवताना मला वाटलं, आत बाळच निघतंय.

खिडकीत ओळीने मांडल्या. सकाळचं ऊन त्यांच्यातून आत आलं तेव्हा माझ्या टेबलावर तीन सोनेरी डाग पडले, एक फिकट, एक गडद, आणि मधला नुकतं लग्न ठरलेल्या मुलीसारखा लाजरा. मग एकेक झाकण काढलं.

काही नाही, ठमे. तिन्ही गावांत काही नाही. पाण्याच्या बाटल्या हुंगाव्यात तसं. तुझ्या आजीने मधली उघडली, डोळे मिटले, आणि बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेली ती आलीच नाही. बिचारीला जुन्या आठवणीचा वास येत असणार.

म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं, आणि मला त्याचा आनंद होत नाही. तुझी ओळ वर चालली आहे म्हणतेस. चालू दे. तूप वाढलं असेल आणि त्यातलं काहीतरी निघून गेलं असेल. आणि नुसत्या तुपाचंच नाही. पायरीजवळचा मोगरा यंदा लदबदून आलाय, पण नुसता पांढरा. साबण बदलून पाहिला. वाण्याला बोललो, तो म्हणाला, काका, तोच तर आहे. परवा तुझ्या मामाने नवं पुस्तक पाठवलं. पुस्तक उघडून आधी नाक आत घालायची माझी सवय तुला माहीत आहे. कोरा कागद, बस्स. सगळं जग जणू कोणीतरी पाणी घालून पातळ केलंय.

आमच्या शाळेत गुरुजी स्वतःच्या कविता फळ्यावर लिहायचे आणि तास संपला की पुसून टाकायचे, त्यामुळे त्या आम्हाला पाठ झाल्या. त्यांतली एक हल्ली सारखी ओठावर येते:

फुले विकून संपली, परडी रिती घरी निघे,
वाट पुसे, हा गंध कुणाचा? परडी नुसतीच बघे.

तेव्हा वाटायचं, परडी नम्र आहे म्हणून बोलत नाही. असो.

हल्लीचं दूधसुद्धा फसवं झालंय बघ. मंगळवारी ते गॅसवर ठेवून मी तिथेच खुर्चीत कविता वाचत होतो. पूर्वी दूध लागायचं तर आधी वर्दी द्यायचं. हे गपचूप करपलं. तुझी आजी शेजारच्या शिलाईवाल्या बाईंकडून पळत आली, खिडक्या उघडल्या, आणि मला जे बोलली ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. मी म्हटलं, अगं, दुधाने आवाज नाही केला. ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हापासून मी स्वयंपाकघरात गेलो की तीही काहीतरी काम काढून येते. म्हातारपणी प्रेम वाढतं म्हणतात ते असं.

माऊ आली होती. यंत्राची माणसं जागा मोजून गेली, एवढंच सांगितलं. मग पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत बसली. एवढा वेळ लागण्यासारखा पट्टा नव्हता तो.

तर आता लिहून दे. तीन गावांचा पुरावा झाला. "देशातील तुपाचा वास गेला आहे", एवढं एक वाक्य कचेरीच्या कागदावर मिळालं की माऊ वाचली.

तुझा,
आजोबा


१२ मार्च

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. हे पत्र शिलाईवाल्या काकूंच्या पत्त्यावर पाठवतेय. आजोबांना दाखवू नकोस.

आजोबांना पाठवलेल्या तिन्ही बाटल्या मी बांधण्याआधी उघडल्या होत्या. मधली उघडली तेव्हा साखरताई खुर्ची फिरवून म्हणाल्या, कोणाकडे काय शिजतंय? टॉवेलाला अजून तो वास आहे. आजी, तुपाला काही झालेलं नाही ना? खरं काय ते लिही. मी ते वाक्य कचेरीच्या कागदावर लिहू शकत नाही, आणि नाही लिहिलं तर मॅनेजर माऊला कॅन धुवायला पाठवणार, त्या मुलीचं काय होईल?

तुझी,
ठमी


१८ मार्च

चि. ठमे,

आशीर्वाद. मला लांबण लावता येत नाही, ते खातं तुझ्या आजोबांचं.

थंडीच्या तोंडाला ह्यांना ताप येऊन गेला, तो तुला कळवला नव्हता. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. मला आठवडाभरात कळलं. मी कांदा चिरत होते, हे शेजारी बसून विचारतात, आज काय कापतेस? ह्यांना अजून कळलेलं नाही. किंवा कळलंय आणि आत येऊ देत नाहीत. जन्मभर माणूस ज्याच्यावर जगला ते गेलं असं त्याला कोण सांगणार? मी म्हटलं, मी होते ह्यांचं नाक. मोगऱ्यापाशी गेले की मोठ्याने म्हणते, काय वास सुटलाय. दूध वर आलं की ओरडते. एका मंगळवारी चुकले.

पण तूप परत जातंय ते माऊच्या अंगावर शेकतंय, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मला सांगतात, दुधाची चौकशी चालली आहे. दुधाची चौकशी म्हणे.

आणि ऐक. माऊला ठाऊक आहे. मागच्या बाटलीच्या वेळी मी दारातून पाहिलं. लोणीघरात बाटलीच्या तोंडावर पातळ कागद चिकटवतात, वर झाकण. ह्यांनी झाकण काढलं, कागद तसाच. डोळे मिटून त्या कागदावरून हुंगले आणि मान हलवली. नाही, म्हणाले. ती पोर कागदाकडे बघत होती. मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, "हो काका, काहीतरी कमी पडलं खरं." आणि बाटली घेऊन गेली. वेडी कुठली. कॅन धुवायला जाईल पण बोलायची नाही.

मी सांगायला गेले तर मीच रडेन, मग ते मला समजावत बसतील आणि मुद्दा राहील बाजूला. तू सांग. कागदाचं मात्र लिहू नकोस. तेवढं राहू दे.

आजी


२५ मार्च

ती. आजोबांस,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही मागितलेलं वाक्य मी कचेरीच्या कागदावर टंकून पाहिलं. मग तो कागद फाडला. ते खरं नाही, आजोबा.

मी तुम्हाला आमच्या कामातली एक गोष्ट सांगते. गेल्याच महिन्यात एका गावाहून तुपाचा आकडा आला, तो एकदम खाली गेलेला. सगळ्या देशात ओळ वर, आणि हे एक गाव खाली. मी नवी होते. चारा कमी पडला असेल, गाई आजारी असतील, असं काय काय लिहून साहेबांकडे नेलं. ते म्हणाले, सगळीकडे चढतंय आणि एकाच ठिकाणी उतरतंय, तर आधी गाईंना विचारू नका. आधी तिथला काटा तपासा. काटाच बिघडला होता. तूप होतं तितकंच होतं.

आजोबा, तिन्ही बाटल्या मी उघडल्या होत्या. मधलीचा वास खोलीभर झाला. साखरताईंना त्यांची आई आठवली आणि त्या मला दिवसभर तिच्याबद्दल सांगत होत्या. तुमचा मोगरा नुसता पांढरा आहे, साबण पाण्यासारखा आहे, दूध वर्दी न देता करपलं. हे सगळं एकाच थंडीत झालं, आणि ते फक्त तुमच्या घरात झालं.

याहून नीट मला लिहिता येत नाही. तुम्ही मला शिकवलंत की डोळे मिटायचे आणि जे असेल ते सांगायचं. एकदा घरातच तसं करून पाहा. आजीला सांगा, हातात काहीतरी आणून धर म्हणून. मग तुम्हीच ठरवा.

तुम्हाला माझा राग येऊ दे, पण एप्रिलच्या कढईच्या आधी येऊ दे.

तुमची,
ठमी


३१ मार्च

चि. ठमे,

ह्यांना पत्र पोचलं. वाचलं. मला दाखवलं नाही, पण घडी घालताना हात कसा चालत होता त्यावरून कळलं. दोन दिवस मागच्या खोलीत बसून आहेत. काल उत्तर लिहिलं आणि फाडलं. जेवतात. तू येऊ नकोस, आलीस तर ह्यांना हसून दाखवावं लागेल.

आजी


१० एप्रिल

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. या वेळचे जागे आहेत.

राग आला होता. तुझ्यावर नाही, साखरताईंच्या आईवर. ती कोण कुठली, आणि तिला माझ्या खिडकीतल्या बाटलीतून उठून जाता यावं, आणि मी तिथेच बसलेला असून मला काही दिसू नये. तुला एक कडक पत्र लिहिलं होतं. मग वाचून पाहिलं, तर त्यात मी सगळीकडे 'काळ' हा शब्द लिहिला होता. फाडून टाकलं.

तिसऱ्या दिवशी तुझ्या आजीला म्हटलं, मी डोळे मिटतो, तू काहीतरी आण. तिने आणलं. मी म्हटलं, काही नाही. तिने दुसरं आणलं. काही नाही. मग ती काही आणेना, म्हणून डोळे उघडले. एका हातात कापलेला कांदा होता, दुसऱ्यात रॉकेलचा बोळा, आणि कांदा स्वतःच्या नाकापासून लांब धरूनसुद्धा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, कांद्याने रडतेस ना? ती म्हणाली, "तर. कांद्यानेच." मग तिने कांदा खाली ठेवला. खिडकीत मोगरा होता. मी विचारलं, येतोय का? हो म्हणाली. कसा? तिला सांगता येईना. "मोगऱ्यासारखा," म्हणाली. चाळीसएक वर्षं एका चाखणाऱ्याबरोबर राहून हे.

गेल्या आठवड्यात कढई होती. बाटली घरी यायची वाट न बघता मी लोणीघरात गेलो. कित्येक दिवसांनी गेलो. निळी फरशी तशीच ओली, पिंप आता स्टीलचं आहे, पण डोळा ठेवलाय त्यांनी. मॅनेजरांनी माझ्यासाठी खुर्ची आणवली. मी खिडकीपाशी माझ्या जागेवर उभा राहिलो. भिंतीवर खडूने चौकोन आखला होता, यंत्राची जागा. माऊ कढईपाशी. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

डोळे मिटले. मोठे बुडबुडे आले. मग बारीक. ठमे, माझे कान शाबूत आहेत. प्रत्येक पायरी मला कळत होती. मग ती शांतता झाली, गुरुजी वर्गात आल्यासारखी. मी थांबलो. आता येईल, आता येईल. जन्मभर आला होता. आणि कोणीच आलं नाही. वर्ग उभा आहे आणि दारात कोणी नाही.

तेव्हा मी डोळे उघडले. त्या क्षणी मी तिथे कधीच डोळे उघडे ठेवले नव्हते, म्हणून मी पहिल्यांदाच पाहिलं ते काय असतं. फरशी पुसणारा गडी फडकं हातात धरून थांबला होता. मॅनेजर खिशातून काहीतरी काढत होते, ते काढायचं विसरले. आणि माऊच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं की मला वाटलं, तिला कोणीतरी लांबून ओळखीची हाक मारतंय. वास आला होता, ठमे. मला तो दिसला.

तिने माझ्याकडे पाहिलं. रीतच आहे. शब्द मी म्हणायचा. सगळे थांबले होते.

मी म्हटलं, "माझ्यापर्यंत तो आता पोचत नाही. थंडीपासून पोचत नाही. त्या तिन्ही कढया चांगल्या असणार. तू सांग."

मी म्हटलं, माऊ, करपेल.

ती म्हणाली, "उतरवा."

वाफेची चावी फिरली. मॅनेजर माझ्यापाशी आले आणि म्हणाले, काका, आधी सांगायचं होतंत. मी म्हटलं, मला आधी कोणी सांगितलं असतं, तर मीही सांगितलं असतं. हसले, पण खडूच्या चौकोनाकडे पाहून ओशाळलेही. तो चौकोन त्या फरशी पुसणाऱ्या गड्याने कोणी न सांगता पुसून टाकला. पुढच्या डब्यांवरच्या चिठ्ठीवर माऊची सही असेल. तिने ती करून दाखवली, फारच लहान आहे. मी म्हटलं, जरा मोठी कर, तूप आहे, औषध नाही.

परत येताना ती माझ्याबरोबर चालत आली. मी विचारलं, तुला कधीपासून ठाऊक होतं? म्हणाली, कागदाच्या दिवसापासून. कुठला कागद? ती भराभर पुढे चालू लागली. घरी आल्यावर तुझ्या आजीला विचारलं, तर तिने एकदम भांडी आवरायला घेतली. तेव्हा मी मागच्या बाटलीची सगळी दुपार आठवून पाहिली, माझं बोट त्या बाटलीच्या तोंडावर नेलं, आणि मला तो कागद बोटाला लागला. आजीने तुला कळवला असणारच, तरी तू तो पत्रात लिहिला नाहीस. तुम्ही तिघींनी मिळून मला किती अलगद धरून ठेवलं होतंत.

मी माऊला रागावलो. म्हटलं, कॅन धुवायला गेली असतीस? ती म्हणाली, "काका, तुम्ही शिकवलेल्या नाकाने मी तुम्हालाच खोटं कसं पाडू?" यावर तुला उत्तर सुचलं तर कळव.

बाटली अजून येते. रीत मोडायची नाही असं ठरलं, फक्त उलटी केली. आता माऊ येते, पायरीवर बसते, झाकण काढते, कागदही काढते आणि हुंगते, आणि मला सांगते. पहिल्या दिवशी 'छान आहे' म्हणाली. मी म्हटलं, छान म्हणजे काय? मी तुला नाक दिलं, शब्द द्यायचे राहिले वाटतं. मग आम्ही शब्दांवर बसलो. मी गुरुजींच्या कविता म्हणून दाखवल्या. तिला परडीची आवडली. तिने विचारलं, परडी बोलत का नाही, काका? मी म्हटलं, इतकी वर्षं मला वाटत होतं ती नम्र आहे. तसं नसावं. तिला स्वतःला तो वास येतच नसेल. वाटेने विचारलं तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं असेल, आपल्याजवळ काही आहे म्हणून.

काल तिने पुन्हा झाकण काढलं. डोळे मिटून हुंगत राहिली. मी म्हटलं, घाई नाही. मग ती म्हणाली, "दुपारी शाळेतून यावं, दार नुसतं लोटलेलं असावं, आणि आत आई असावी. तसा."

ठमे, मला आला. खोटं सांगत नाही. निळ्या फरशीवरून चालत यावा तसा आला, खिडकीपाशी थांबला आणि मग गेला. तुझी आजी दारात उभी होती. तिने या वेळी मोठ्याने काहीच म्हटलं नाही.

तुझ्या तक्त्यात वासाचा रकाना नाही, ते बरोबरच आहे, घालूही नकोस. पण तू म्हणाली होतीस, दारापर्यंत आलेलं आत गेलं का, हे तुम्हाला कळत नाही. म्हणून कळवतो. माझ्या दाराला आतून कडी लागली आहे, ती आता निघायची नाही असं डॉक्टरही म्हणाले. पण आमचं घर वजा करू नकोस. इथे एक पोर पायरीवर बसून वाचून दाखवते, आणि माल पोचतो.

तुझा,
आजोबा